सोडणें, सोसणें आणि डोळे मिटणें
(कांहीं इंग्रजी शब्दांच्या अर्थच्छटा)



गेल्या सहामाहीच्या सुमारास आम्हीं भाषांतराच्या तासाला फळ्यावर चार मराठी वाक्यें लिहून दिलीं. पहिलें : 'पहारेकऱ्यानें त्यांना आंत जाऊं दिलें.' दुसरें : 'आजीनें नातवाचे फार लाड केले.' तिसरें : 'मित्राचा अपराध त्यानें पोटांत घातला.' चौथें : 'कारकुनाच्या लांचखाऊपणाकडे साहेबानें कानाडोळा केला.' वाक्यें सोपीं होतीं. परंतु वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां असें आढळून आलें कीं, बहुतेकांनीं चारही ठिकाणीं एकच क्रियापद वापरिलें आहे, आणि तें म्हणजे 'अलाऊ'. पहारेकऱ्यानें 'अलाऊ' केलें, आजीनें 'अलाऊ' केलें, मित्रानें 'अलाऊ' केलें आणि साहेबानेंहि 'अलाऊ'च केलें!

आम्हांस प्रथम हसूं आलें; मग विचार पडला. लाड म्हणजे काय आणि कानाडोळा म्हणजे काय, हें मराठींत कोणत्याहि मुलाला शिकवावें लागत नाहीं. तोच मुलगा इंग्रजींत शिरतांच हा भेद विसरतो. याचें कारण त्याला शब्द ठाऊक नसतात एवढेंच नव्हे. शब्द ठाऊक असले तरी त्यांच्या पोटांत काय आहे हें कोणीं उघडून दाखविलेलें नसतें. तें उघडून दाखवावें, एवढाच या पाठाचा हेतु आहे. पालकांनींहि हा पाठ वाचावा अशी आमची विनंति आहे. परवानगी देणें, लाड करणें, सांभाळून घेणें आणि दुर्लक्ष करणें हीं कामें मुलांपेक्षां आपणां मोठ्यांनाच अधिक करावीं लागतात. आणि त्यांची गल्लत केल्यास काय होतें, याचा आमचा स्वतःचा एक अनुभव आम्ही शेवटीं सांगणार आहों.

तीन कसोट्या

शब्दांकडे वळण्यापूर्वीं तीन प्रश्न ध्यानांत ठेवावे. कोणी कोणास कांहीं करूं दिलें, किंवा केलेलें चालवून घेतलें, तर विचारावें : (१) ही मोकळीक कृत्याच्या आधीं मिळाली, कीं कृत्य घडून गेल्यावर? (२) ती देणाऱ्याचे डोळे उघडे होते, कीं मिटलेले? (३) त्यानें ती आनंदानें दिली, कीं मनावर दगड ठेवून सोसली? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं योग्य शब्द बहुधा आपोआप हातीं येतो.

१. आधीं दिलेली मोकळीक : लेट, अलाऊ, पर्मिट, लीव्ह

'लेट' हा घरगुती शब्द. आपण आड येत नाहीं, एवढाच त्याचा भाव. बोलत बसल्यामुळें चुलींतला विस्तव विझूं दिला, तर तेथें इंग्रज 'लेट' म्हणेल. 'पर्मिट' म्हणणार नाहीं, कारण विस्तवाला कोणी परवाना देत नाहीं. 'पर्मिट' हा कचेरींतला शब्द आहे. त्याच्या मागें अधिकार उभा असतो, आणि पुष्कळदां शिक्कामोर्तबहि. लॅटिन भाषेंत 'पर' म्हणजे आरपार आणि 'मित्तेरे' म्हणजे पाठविणें, जाऊं देणें. नाक्यावरून माणसाला पलीकडे जाऊं द्यावें, तसा हा अर्थ. आपला 'परवानगी' शब्द फारसीतून आला आणि 'परवाना' हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणून 'पर्मिट'शीं त्याची जोडी चांगली जमते. 'अलाऊ' या दोहोंच्या मध्यें बसतो. घरांतहि चालतो, कचेरींतहि चालतो. म्हणूनच तो विद्यार्थ्यांच्या तोंडीं बसला आहे.

या 'अलाऊ'चें कुळ मोठें गमतीचें आहे. लॅटिन भाषेंतील दोन निरनिराळे शब्द, एक 'स्तुति करणें' या अर्थाचा आणि दुसरा 'वांटणी करून देणें' या अर्थाचा, जुन्या फ्रेंच भाषेंत येतां येतां उच्चारानें एकरूप झाले आणि त्यांतून हा एक शब्द निपजला. त्यामुळें 'अलाऊ' म्हणजे पसंत करणें, आणि 'अलाउन्स' म्हणजे वांटून दिलेला भत्ता. याच 'अलाउन्स'पासून एक सुंदर वाक्प्रचार झाला आहे : 'मेक अलाउन्सेस'. मुलगा तापांतून नुकताच उठला आहे, त्याची शुद्धलेखनाची वही पाहतांना ही गोष्ट हिशेबांत धरावी, हा त्याचा अर्थ. चूक ती चूकच राहते. परंतु परिस्थितीचा वांटा बाजूला काढून मगच दोष मोजावयाचा. पालकांनीं हा वाक्प्रचार अवश्य ध्यानांत ठेवावा.

व्याकरणाचा एक नियम येथेंच सांगून टाकूं. 'लेट'नंतर 'टु' येत नाहीं : 'शी लेट हिम गो'. 'अलाऊ' व 'पर्मिट' यांच्यानंतर कर्म असलें कीं 'टु' येतो : 'शी अलाउड हिम टु गो'. कर्मणि प्रयोग करावयाचा असल्यास 'लेट' सोडून 'अलाऊ'कडे यावें : 'ही वॉज अलाउड टु गो'. 'ही वॉज लेट टु गो' असें कोणीं लिहिल्यास आम्ही तांबडी शाई वापरणार.

आणखी एक मौज. इंग्रजींत 'लेट' नांवाचे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांचे वैरी आहेत. जुन्या इंग्रजींत एका शब्दाचा अर्थ 'करूं देणें' आणि दुसऱ्याचा 'अडविणें' असा होता. काळाच्या ओघांत दोघांचा उच्चार एक झाला. दुसरा शब्द आतां जवळजवळ मेला आहे; पण त्याच्या दोन खुणा अजून दिसतात. टेनिसमध्यें सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला स्पर्शून योग्य चौकोनांत पडला तर 'लेट' म्हणतात आणि ती सर्व्हिस पुन्हा करावयाची असते. येथें 'लेट' म्हणजे अडथळा. आणि आपल्या पारपत्रावर जी विनंति छापलेली असते तींतील 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या शब्दांचा अर्थ 'अडथळा किंवा अटकाव न करितां' असा आहे. हें न जाणणारा वाचक तेथें अगदीं उलटा अर्थ करील.

'लीव्ह' या नामाकडेहि पाहूं. 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणें हें क्रियापद निराळें, आणि 'लीव्ह' म्हणजे परवानगी हें नाम निराळें. हें नाम 'लव्ह' या शब्दाच्या गोत्रांतलें असून संस्कृत 'लुभ्' हा धातुहि त्याच कुळांतला. म्हणजे 'लीव्ह' ही मुळांत देणाऱ्याची खुषी. आतां आपला 'रजा' शब्द पाहा. तो अरबी भाषेंतून आला आणि त्याचाहि मूळ अर्थ संतोष, राजीखुषी हाच. दोन दूरच्या भाषा, पण दोघींनाहि वाटलें कीं सुट्टी म्हणजे वरच्या माणसाची खुषी! तेव्हां मुलांनो, रजेचा अर्ज करितांना आपण काय मागत आहों हें विसरूं नका. अर्ज म्हणजे न येण्याची सूचना नव्हे.

२. लाड : इंडल्ज, ह्यूमर, पँपर, कॉडल, स्पॉइल

आजी नातवाचे लाड करिते तें 'इंडल्ज'. यांत देणाऱ्याचे डोळे उघडे असतात आणि मनहि प्रसन्न असतें. परंतु द्यावयास हवें त्याहून थोडें अधिक दिलें जात आहे, ही जाणीव या शब्दांत लपलेली असते. रोजच्या पोळीभाजीला कोणी 'इंडल्ज' म्हणत नाहीं. पोळीवर तिसऱ्यांदा गूळतूप वाढलें कीं तें 'इंडल्ज'. लाड करणारा आणि ज्याचे लाड होतात तो, हे दोघे एकच असले म्हणजे 'इंडल्ज इन' असें लिहावें : 'ही इंडल्जेस इन स्वीट्स', तो गोडधोडांत रमतो, जिभेचे चोचले पुरवितो.

या एका शब्दानें युरोपचा इतिहास हलविला आहे. मध्ययुगांतील चर्चच्या परिभाषेंत 'इंडल्जन्स' म्हणजे ज्या पापांची क्षमा झालेली आहे, त्यांबद्दल भोगावयाच्या ऐहिक शिक्षेंत मिळणारी सूट. तिच्या मोबदल्यांत द्रव्य गोळा होऊं लागलें, तेव्हां मार्टिन ल्यूथर यांनीं ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं आपलीं ९५ विधानें मांडिलीं. पुढें १५६७ सालीं पोप पांचवे पायस यांनीं पैशाशीं जोडलेल्या अशा सर्व सवलती रद्द केल्या. सूट देणें हें चांगलें काम. पण सुटीला किंमत चिकटली कीं सूट राहत नाहीं, सौदा होतो. इतिहासानें दिलेला हा धडा अभ्यासाच्या बदल्यांत पैसे देऊं करणाऱ्या पालकांसहि उपयोगी पडेल.

'ह्यूमर' हें क्रियापद अधिक नाजूक. प्राचीन ग्रीक वैद्य मानीत कीं, मनुष्याचा स्वभाव शरीरांतील चार रसांच्या प्रमाणावर ठरतो. आपल्याकडील वात, पित्त आणि कफ यांची येथें सहजच आठवण होते. लॅटिन भाषेंत रसाला 'ह्यूमर' म्हणत. त्यावरून 'ह्यूमर' म्हणजे स्वभावाची लहर, आणि एखाद्यास 'ह्यूमर' करणें म्हणजे त्याच्या कलानें घेणें. म्हातारे आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असतां पहिल्यांदाच ऐकल्यासारखें 'हूं' म्हणणारी नात त्यांना 'ह्यूमर' करिते. तिला फसविणारी म्हणतां येणार नाहीं. तिच्या करण्यांत माया आहे. मात्र हाच शब्द बरोबरीच्या माणसास लाविला तर त्यांत थोडी तुच्छता येते, हें लक्षांत असावें.

'पँपर' आणि 'कॉडल' हे दोन शब्द स्वयंपाकघरांतले. 'पँपर'चा जुना अर्थ चांगलेंचुंगलें खाऊं घालून तट्ट फुगविणें. 'कॉडल'चा अर्थ मंद आंचेवर उकळत्याच्या खालीं ठेवून शिजविणें, जसें अर्धकच्चें अंडें. पहिल्यांत माणूस खाऊन सुस्त होतो, दुसऱ्यांत ऊब मिळूनहि पुरता शिजत नाहीं. पावसाचा शिंतोडा पडतांच मुलाला घरांत कोंडून ठेवणारी आई त्याला 'कॉडल' करिते.

सर्वांत कडू शब्द 'स्पॉइल'. लाडावलेल्या मुलास इंग्रज 'स्पॉइल्ट चाइल्ड' म्हणतो. आपण शेफारलेला म्हणतों. लॅटिन भाषेंत या शब्दाच्या मुळाशीं पडलेल्या शत्रूचीं शस्त्रें व चिलखत काढून घेणें, लुटणें, हा अर्थ आहे. युद्धांतील लुटीला इंग्रजींत अजूनहि 'स्पॉइल्स' म्हणतात. म्हणजे ज्याला आपण सर्व कांहीं दिलें असें समजतों, त्याच्या अंगावरचें चिलखतच आपण काढून घेतलें, असें हा शब्द सुचवितो. छडी आणि बिघडलेलें मूल यांविषयींची जी प्रसिद्ध इंग्रजी म्हण आहे, ती बायबलांतील होय असें पुष्कळांस वाटतें. नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायाच्या २४ व्या वचनांत त्या विचाराचें मूळ आहे खरें. परंतु म्हणीचे शब्द तेथें नाहींत. त्या शब्दांत ती सॅम्युएल बटलर या कवीच्या सतराव्या शतकांतील 'ह्यूडिब्रास' नांवाच्या उपहासकाव्यांत येते. तेव्हां छडी उगारतांना शास्त्राचा आधार सांगण्यापूर्वीं शास्त्र उघडून पाहावें हें बरें.

३. सौम्यता : लीनियंट आणि लॅक्स

हें जोडनांव फार महत्त्वाचें आहे. 'लीनियंट' हा शब्द लॅटिनमधील मृदु या अर्थाच्या शब्दापासून झाला. सतराव्या शतकांतील इंग्रजींत तो औषधास लावीत. आग शमविणारा, दाह कमी करणारा लेप तो 'लीनियंट'. पुढें तो न्यायाधीशास व शिक्षकास लावूं लागले. लेप लावणारा वैद्य जखम पाहतो, धुतो, आणि मगच लेप लावितो. तसाच 'लीनियंट' न्यायाधीश अपराध पाहतो, तो अपराध आहे असें स्पष्ट म्हणतो, आणि मग शिक्षा हलकी देतो. 'लीनियंट'नंतर माणूस आल्यास 'विथ' किंवा 'टुवर्ड्स' लिहावें.

'लॅक्स' म्हणजे सैल, ढिला. 'रिलॅक्स' हा शब्द याच घरचा. दोरी सैल सोडावी तसा ज्याचा कारभार, तो 'लॅक्स'. बाहेरून पाहणाऱ्यास दोघेहि सारखेच दिसतात, कारण दोघांच्याहि वर्गांत छडी वाजत नाहीं. परंतु 'लीनियंट' शिक्षकाला चूक दिसलेली असते आणि 'लॅक्स' शिक्षकानें ती पाहिलेलीच नसते. एकाचें करणें दयेचें, दुसऱ्याचें आळसाचें. विद्यार्थी दोघांनाहि 'फार चांगले सर' म्हणतात. तेव्हां शिक्षकानें या प्रशस्तिपत्रावर फार विसंबूं नये.

४. सोसणें : टॉलरेट

'टॉलरेट' म्हणजे सहन करणें, खपवून घेणें. लॅटिन 'तोलेरारे' म्हणजे भार पेलणें. संस्कृतांतील 'तुला' आणि आपलें 'तोलणें' हे शब्द याच प्राचीन कुळांतले आहेत. ओझें डोक्यावर आहे, आवडत नाहीं, तरी आपण तें पेलतों. हा या शब्दाचा गाभा. म्हणून आवडत्या वस्तूस 'टॉलरेट' लावूं नये. 'आय टॉलरेट माय मदर' असें एकानें आदरानें लिहिलें होतें. त्याच्या मातोश्रींनीं तें वाचलें नाहीं हें नशीब.

'इंडल्ज' आणि 'टॉलरेट' यांतील अंतर इंग्लंडच्या इतिहासांत उत्तम दिसतें. राजा दुसरा चार्ल्स यानें १६७२ सालीं 'डिक्लेरेशन ऑफ इंडल्जन्स' काढून राष्ट्रीय चर्चच्या बाहेरील लोकांस उपासनेची मोकळीक दिली. पार्लमेंटच्या विरोधामुळें पुढच्याच वर्षीं ती परत घ्यावी लागली. दुसऱ्या जेम्सनें १६८७ सालीं तसेंच फर्मान काढिलें आणि १६८८ सालीं तें चर्चमध्यें वाचून दाखविण्याचा हुकूम केला. सात बिशपांनीं त्यास हरकत घेतली. त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्याच वर्षाअखेर जेम्सला देश सोडावा लागला. मग १६८९ सालीं पार्लमेंटनें जो कायदा केला तो 'टॉलरेशन ॲक्ट' या नांवानें ओळखला जातो. त्याची मर्यादा मोठी होती. कॅथोलिकांस त्याचा लाभ नव्हता. तरी पण राजाची मर्जी आणि देशाचा कायदा यांतील फरक त्या दोन नांवांतच उमटला आहे. लाड करणाऱ्याची लहर फिरली कीं लाड संपले. सोसणारा मात्र, न आवडलें तरी, नियमानें बांधलेला असतो. म्हणून 'टॉलरेट' शब्द रूक्ष असला तरी त्याची योग्यता कमी समजूं नये.

यंत्रशाळेंतहि हा शब्द आढळतो. २० मिलिमीटर जाडीची सळई करावयाची असल्यास ती अगदीं तंतोतंत २० होत नाहीं; किती कमी-अधिक झालेलें चालेल तें आधींच ठरवितात, आणि त्यास 'टॉलरन्स' म्हणतात. त्याच्या पलीकडे गेलेली सळई बाजूस काढितात. किती सोसावयाचें हें आधीं ठरविलेलें असावें, ही यंत्रशाळेची शिस्त घरासहि उपयोगी आहे.

५. झाल्यावर सोडून देणें : एक्स्क्यूज, पार्डन, फरगिव्ह, कंडोन

आतां कृत्य घडून गेल्यानंतरचे शब्द. 'एक्स्क्यूज' सर्वांत हलका. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'कॉझा' म्हणजे आरोपाचें कारण. आरोपाच्या बाहेर काढणें हा त्याचा अर्थ. उशीर झाला, कारण पुरेसें होतें, दोष लागला नाहीं, तें 'एक्स्क्यूज'. 'पार्डन'मध्यें दोष लागतो आणि अधिकारी शिक्षा माफ करितो. आपल्या संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदानें राष्ट्रपतींस असा अधिकार दिला आहे. 'फरगिव्ह' हा मनाचा शब्द. त्याला अधिकार लागत नाहीं. ज्याचें वाईट झालें तो रागहि सोडून देतो. आमच्या तिसऱ्या वाक्यांतील मित्राला हाच शब्द शोभतो.

'पार्डन' आणि 'कंडोन' या दोहोंच्याहि पोटांत लॅटिन 'दोनारे', म्हणजे देणें, हा शब्द बसला आहे. आपलें 'दान' त्याचेंच भावंड. 'फरगिव्ह'मध्यें तर 'गिव्ह' उघडच दिसतो. क्षमा म्हणजे कांहीं तरी पदरचें देणें, असें युरोपच्या भाषांना वाटलें. आपल्या 'क्षमा' शब्दाच्या मुळाशीं मात्र 'क्षम्', म्हणजे सहन करणें, हा धातु आहे. एकींत दान, दुसरींत सहनशक्ति. दोन्ही मिळून क्षमेचें चित्र पुरें होतें.

'कंडोन' हा आरंभीं कायद्याचा शब्द. इंग्लंडांत १८५७ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला तेव्हांपासून तो विशेष प्रचारांत आला. पतिपत्नींपैकीं एकाचा अपराध दुसऱ्यानें पूर्णपणें जाणून पोटांत घातला आणि पुन्हा संसार सुरू केला, तर तें 'कंडोनेशन'. १८६९ सालीं भारतांतील ख्रिस्ती लोकांकरितां जो घटस्फोटाचा कायदा झाला, त्यांतहि हा शब्द आहे. न्यायालयांत 'कंडोनेशन ऑफ डिले' असेंहि नेहमीं ऐकूं येतें. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणें उशिराचें पुरेसें कारण दाखविल्यास न्यायालय तो उशीर माफ करूं शकतें. ध्यानांत ठेवावें कीं, 'कंडोन' कृत्याला लागतो, माणसाला लागत नाहीं. 'ही कंडोन्ड हिज फ्रेंड' हें चूक. मित्राचा दोष 'कंडोन' करावा. हल्लींच्या इंग्रजींत 'चूक गोष्टीस मूक संमति देणें' असा वाईट अर्थहि या शब्दास चिकटला आहे. म्हणून प्रशंसेच्या वाक्यांत तो जपून वापरावा.

६. डोळे मिटणें : कनाइव्ह

शेवटचा शब्द 'कनाइव्ह'. लॅटिन भाषेंत याचा अर्थ पापण्या मिटणें. आपण कानाडोळा किंवा डोळेझांक म्हणतों. दोन्ही भाषांनीं एकच अवयव निवडिला! यानंतर 'ॲट' येतो : 'ही कनाइव्ह्ड ॲट द फ्रॉड'. पुढें 'विथ' आल्यास अर्थ आणखी काळा होतो, कारण मग तो कटांत सामील असणें असा होतो. डोळे मिटणारा आणि कटवाला हे एकाच शब्दाचे दोन टप्पे आहेत, हें विसरूं नये. वर सांगितलेल्या १८६९ च्या कायद्यांत 'कनाइव्ह' आणि 'कंडोन' हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं आले आहेत. कारण एकांत अपराध होत असतां डोळे मिटलेले असतात, आणि दुसऱ्यांत तो झाल्यावर डोळे उघडून क्षमा केलेली असते.

आतां आमचा अनुभव.

आमची नोकरी नवी होती. वर्गांत एक विद्यार्थी होता. वडील नव्हते, आई लोकांचे कपडे शिवून घर चालवी. मुलगा नम्र होता. निबंधाच्या वह्या तपासतांना आमच्या लक्षांत आलें कीं, त्याचा निबंध शेजारच्या मुलाच्या निबंधासारखाच असतो. बरोबर वाक्यें तर सारखींच, पण चुकाहि सारख्याच, आणि एकदां तर खोडलेला शब्दहि त्याच जागीं खोडलेला. आम्ही बोललों नाहीं. घरची अडचण, कशाला मुलाला वर्गांत खालीं पाहावयास लावावें, असें मनाशीं म्हटलें आणि गुण देत राहिलों. आपण 'लीनियंट' आहों, या विचारानें मनाला थोडें बरेंहि वाटे. असें दोन वर्षें चाललें.

शालान्त परीक्षेंत तो एकट्या इंग्रजींत नापास झाला. चार दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. ती रागावली नव्हती. तिनें विचारिलें, "सर, तो दुसऱ्याचं बघून लिहितो, हें तुम्हांला ठाऊक होतं?" आम्हीं 'होय' म्हटलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाचतां येत नाहीं, सर. वहींत तुमची सही दिसली कीं मी समजत असें, पोराचं नीट चाललंय. तुम्हीं एकदां सांगायचं होतं."

त्या दिवशीं आम्हांस 'कनाइव्ह' शब्दाचा अर्थ कळला. तो आम्हीं कोशांत पूर्वीं अनेकदां पाहिला होता. आम्हीं त्या मुलावर दया केली नव्हती. त्याच्याशीं अवघड बोलण्याचा प्रसंग टाळून आम्हीं स्वतःवर दया केली होती. त्याची किंमत मात्र त्यानें आणि त्याच्या आईनें दिली.

पुढील परीक्षेपर्यंत तो रोज सायंकाळीं आमच्याकडे येत असे. पहिला स्वतःचा निबंध त्यानें लिहिला त्यांत एकोणीस चुका निघाल्या. आम्हीं एकोणीसही तांबड्या शाईनें दाखविल्या, एकदांहि रागें भरलों नाहीं, आणि खालीं लिहिलें, 'हा निबंध तुझा आहे.' दुसऱ्यांदा तो उत्तीर्ण झाला. गुण जेमतेमच होते, पण सर्व त्याचे होते. 'लीनियंट' कसें असावें हें आम्हांस त्या चार महिन्यांत शिकतां आलें.

म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें आपले वडीलधारे म्हणत. मुलाची एक चूक ही लहान गोष्ट असते. ती पाहून न पाहिल्यासारखें करण्याची आपली संवय मोठी असते. पालकहो, मुलांना मोकळीक द्या, प्रसंगीं लाड करा, त्यांच्या अडचणी हिशेबांत धरा, चुकलीं तर क्षमाहि करा; पण हें सर्व डोळे उघडे ठेवून करा. आणि मुलांनो, जो शिक्षक तुमची चूक दाखवितो तो कठोरच असतो असें समजूं नका.

सरावाकरितां

पुढील वाक्यांचें इंग्रजींत भाषांतर करा. 'अलाऊ' हा शब्द एकदांच वापरावयाचा आहे.

(१) बोलतां बोलतां तिनें दूध ऊतूं जाऊं दिलें.
(२) वाचनालयांत मोठ्यानें बोलण्यास परवानगी नाहीं.
(३) आजारी बहिणीच्या कलानें त्यानें दिवसभर घेतलें.
(४) तो नवखा आहे, हें पंचांनीं हिशेबांत धरिलें.
(५) शेजाऱ्यांचा गोंगाट आम्ही वर्षभर सोसला.
(६) मुलगा खोटें बोलतो हें ठाऊक असूनहि वडिलांनीं डोळेझांक केली.
(७) गुरुजींनीं चूक दाखविली, आणि शिक्षा हलकी दिली.

वह्या आमच्याकडे आणून द्याव्या. नक्कल केलेली वही या वेळीं आम्ही ओळखूं, आणि ओळखली आहे असें सांगूंहि.